महाराष्ट्र संघाचे दोन हंगाम

पनवेल हें पूर्वीपासून वाटेवरचें गांव. १८३० सालीं बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. पुढें आगगाडी झाली, ती गांवाला बगल देऊन कर्जतवरून घाट चढली. तरी पनवेलचें वाटेवरचेंपण कांहीं गेलें नाहीं. अशा गांवाला एक प्रश्न जन्माचाच चिकटलेला असतो: आपण इकडचे कीं तिकडचे? नोकरी आणि व्यापार यांसाठीं पनवेलकराचें तोंड मुंबईकडे असतें. परंतु क्रिकेटच्या कारभारांत रायगड जिल्हा मोडतो तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. मुंबई इतकी जवळ असतां येथला मुलगा जिल्ह्याकडून खेळूं लागला कीं त्याची वाट घाटावर जाते आणि मुंबईचा संघ त्याचा प्रतिस्पर्धी ठरतो. राजधानी ज्या राज्याची, त्याच राज्याचें नांव धारण करणारा संघ त्या राजधानीशीं लढतो, हें ऐकून परक्या माणसास आश्चर्य वाटतें. त्या आश्चर्याचें मूळ शोधूं गेल्यास आपण १९३९-४० आणि १९४०-४१ या दोन हिवाळ्यांपाशीं येऊन पोहोंचतों. त्या दोन हंगामांत महाराष्ट्राच्या संघानें रणजी करंडक लागोपाठ दोनदां जिंकला. हा पराक्रम क्रिकेटच्या कोष्टकांत नमूद आहेच. येथें त्याचा विचार करावयाचा तो वेगळ्या हेतूनें. खेळाडूनें कोणाच्या नांवानें मैदानांत उतरावें, या प्रश्नाला त्या संघानें जें उत्तर दिलें तें तपासून पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, त्या वेळीं महाराष्ट्र नांवाचें राज्य अस्तित्वांत नव्हतें. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगांवच्या साहित्य-संमेलनांत झाला तो १९४६ सालीं, आणि राज्य झालें तें १ मे १९६० रोजीं. मराठी बोलणारा मुलूख मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामाचें राज्य आणि लहानमोठीं संस्थानें यांत विभागलेला होता. अशा काळांत, १९३४ सालीं रणजी स्पर्धेची योजना झाली तेव्हां पुण्याच्या संघानें 'महाराष्ट्र' हें नांव घेतलें. नकाशावर जें नांव उमटावयाला आणखी सव्वीस वर्षें लागावयाचीं होतीं, तें धांवफलकावर आधींच लिहिलें गेलें होतें.

या नांवाचें महत्त्व कळण्यास त्यापूर्वींची स्थिति पाहिली पाहिजे. पश्चिम हिंदुस्थानांतील क्रिकेट हें तोंवर धर्मांच्या नांवानें चाले. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने सुरू झाले. १९०७ सालीं हिंदूंचा संघ त्यांत शिरला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ सालीं ख्रिस्ती वगैरे उरलेल्या सर्वांचा मिळून 'रेस्ट' नांवाचा पांचवा संघ बनविण्यांत आला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. हे सामने म्हणजे मुंबईचा मोठा उत्सव होता. त्यांतून थोर खेळाडू निपजले, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु त्या उत्सवांत खेळाडूची पहिली ओळख त्याचा जन्म ही होती, आणि एकाच धर्माच्या संघांतहि जन्माचा हिशेब संपत नसे. पुण्याच्या मैदानाची निगा राखतां राखतां गोलंदाज झालेले पळवणकर बाळू यांस त्यांच्या गोलंदाजीसाठीं हिंदु संघांत घेतलें गेलें. चहा मात्र त्यांना इतरांपासून दूर, वेगळ्या भांड्यांतून मिळे. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. पण हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्या वांट्यास कधींच आलें नाहीं. तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि १९२३ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं हिंदूंनीं अंतिम सामना जिंकला.

याच हिंदु संघांत १९११ सालीं पुण्याचा एक तरुण प्रथम खेळला. दिनकर बळवंत देवधर हें त्याचें नांव. जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुढें ते न्यू पूना कॉलेजांत, म्हणजे नंतरच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत, संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि 'प्रोफेसर देवधर' हेंच त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. सकाळीं संस्कृताचा पाठ आणि सायंकाळीं जाळ्यांतली फलंदाजी, हा संयोग पुणें शहराला शोभणाराच होता. १९२६ सालीं गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम्. सी. सी. चा संघ आला. सी. के. नायडू यांनीं हिंदु संघातर्फें काढलेल्या १५३ धांवांची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे. त्याच दौऱ्यांत अखिल हिंदी संघातर्फें देवधरांनीं १४८ धांवा काढल्या, ही गोष्ट तितकी आठवली जात नाहीं. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हां देवधर चाळिशी ओलांडलेले होते, आणि त्या संघांत ते नव्हते. कसोटीचा मान त्यांना आयुष्यांत मिळाला नाहीं. ज्या वयांत इतर खेळाडू पंचाचा कोट घालतात किंवा आठवणी सांगूं लागतात, त्या वयांत या गृहस्थांपुढें महाराष्ट्राच्या संघाची धुरा आली.

रणजी करंडकाची कल्पना १९३४ सालीं सिमल्यास ठरली आणि पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनीं करंडक दिला. धर्मांऐवजीं प्रांतांनीं खेळावें, हें त्या योजनेचें तत्त्व. परंतु तत्त्व नवें असलें तरी पैसा जुनाच होता. पहिले दोन करंडक मुंबईनें जिंकले. त्या शहरापाशीं श्रीमंत जिमखाने होते, व्यापारी पेढ्या होत्या, आणि पंचरंगीमुळें खेळाडू आपोआप तिकडे ओढले जात. १९३६-३७ सालीं नवानगरनें बाजी मारली. तेथें जामसाहेबांचा आश्रय होता, आणि ससेक्सचा वेन्स्ले हा व्यवसायी खेळाडू, अमरसिंग आणि तरुण विनू मंकड अशी माणसें एकत्र आणलेलीं होतीं. त्यानंतर हैदराबाद आणि बंगाल. पुण्यापाशीं राजाहि नव्हता आणि गिरणीमालकहि नव्हते. होतीं तीं महाविद्यालयें, तालमी, कांहीं जिमखाने आणि दर हिवाळ्यांत मैदानावर येणारीं मुलें. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत एका पराभवानें सारें वर्ष संपतें. पांच हंगामांत महाराष्ट्राच्या हातीं करंडक लागला नाहीं, यांत नवल तें काय?

१९३९ च्या सप्टेंबरांत युरोपांत युद्ध पेटलें. इंग्लंडांतील कौंटी-स्पर्धा १९४० पासून सहा वर्षें बंद पडली. हिंदुस्थानांत मात्र खेळ चालू राहिला, आणि परदेशी संघ येण्याची आशा मावळल्यामुळें देशांतील स्पर्धांचें वजन वाढलें. अशा हिवाळ्यांत महाराष्ट्राचा संघ पुण्यांत बडोद्याशीं खेळावयास उतरला. सांगलीचा पंचवीस वर्षांचाहि न झालेला विजय हजारे त्या सामन्यांत ३१६ धांवा काढून नाबाद राहिला. रणजी स्पर्धेंतील हें पहिलें त्रिशतक. परंतु त्या डावांतील विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. आठ गडी बाद झाल्यावर, ज्या वेळीं प्रेक्षक घरीं निघण्याची तयारी करतात त्या वेळीं, हजारे यांच्या जोडीला नगरवाला आले, आणि नवव्या गड्यासाठीं दोघांनीं २४५ धांवांची भर घातली. नगरवाला यांचें शतक दोन धांवांनीं हुकलें. नवव्या जोडीची ही भागी कोणा एकाच्या लहरीनें होत नाहीं. शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येकाला बॅट धरतां आलीच पाहिजे आणि विकेट फुकट द्यावयाची नाहीं, हा ज्या संघाचा नियम असतो त्या संघांतच ती होते. शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेल्या वर्गाची खूण अशीच असते. हुशार मुलगा कोठेंहि हुशारच असतो. शेवटच्या बांकावरचा मुलगा किती शिकला यावरून मास्तराची परीक्षा होते.

आतां या जोडीकडे दुसऱ्या बाजूनें पहा. हजारे ख्रिस्ती, पंचरंगीच्या नियमानें ते 'रेस्ट' संघाचे. नगरवाला पारशी; त्याच नियमानें ते पारशांचे. आणि त्यांचे नायक देवधर हिंदु संघाचे. मुंबईच्या मैदानावर हे तिघे तीन निरनिराळ्या तंबूंत बसले असते. पुण्यांत ते एका तंबूंत बसले, आणि त्यासाठीं कोणाला व्याख्यान द्यावें लागलें नाहीं. प्रांताचें नांव घेतल्याबरोबर तें आपोआप घडलें.

त्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यांतच संयुक्त प्रांताशीं झाला. पाहुण्यांनीं पहिल्या डावांत २३७ धांवा केल्या. महाराष्ट्रानें उत्तरादाखल ५८१ धांवांचा डोंगर उभा केला. संयुक्त प्रांतानेंहि सहजासहजीं मान टाकली नाहीं. दुसऱ्या डावांत त्यांनीं ३५५ धांवा काढल्या, आणि डावाचा पराभव अकरा धांवांनीं टाळला. महाराष्ट्रानें एकहि गडी न गमावतां हव्या त्या १२ धांवा केल्या. आश्रयदाता नसलेल्या संघाच्या हातीं करंडक आला. देवधरांचें वय त्या वेळीं अठ्ठेचाळीस वर्षांचें होतें.

एकदां जिंकणें यांत दैवाचा वांटा असूं शकतो; दुसऱ्या वर्षीं कस लागतो. १९४०-४१ चा हंगाम या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा. त्या वर्षीं मुंबईशीं जो सामना झाला तो धांवांच्या बाबतींत अचाट होता. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा झाल्या, आणि त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देवधरांच्या २४६. मुंबईनें पाठलाग करीत ६५० पर्यंत मजल मारली आणि तेथें तिचा डाव संपला. सामना पुरा होत नसेल तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल द्यावयाचा, असा स्पर्धेचा नियम. तेराशें पंचविसाव्या धांवेपर्यंत निकाल टांगणीला, आणि आघाडी अवघ्या पंचवीस धांवांची! कित्येक रसिक अशा सामन्यांना कंटाळवाणे म्हणतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. धांवा काढणें हाच एक हेतु झाला म्हणजे गोलंदाजी निव्वळ हमाली होते. परंतु ज्यानें हे नियम केले नाहींत, त्यानें त्या नियमांत जिंकण्याचा मार्ग शोधला तर त्याला दोष देतां येत नाहीं. देवधरांनीं नियम नीट वाचले होते, आणि संस्कृताच्या प्राध्यापकानें सूत्र नीट वाचावें हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे.

याच वर्षीं रंगा सोहोनी या तरुणानें पश्चिम हिंदच्या संघाविरुद्ध नाबाद २१८ धांवा केल्या. अंतिम सामना मद्रासेस झाला. घरचें मैदान नाहीं, घरचे प्रेक्षक नाहींत. मद्रासचा पहिला डाव १४५ धांवांत आटोपला आणि महाराष्ट्रानें २८४ धांवा केल्या. पण दुसऱ्या डावांत मद्रासनें ३४७ धांवा काढून सामना पुन्हां उघडा केला. शेवटच्या डावांत दोनशेंहून अधिक धांवा हव्या होत्या. चार गडी गमावून त्या निघाल्या. पुण्यांत डोंगर उभारून जिंकणारा संघ परमुलखांत पाठलाग करूनहि जिंकूं शकतो, हें येथें सिद्ध झालें, आणि करंडक दुसऱ्यांदा घाट चढून आला.

याच हिवाळ्यांत, १९४० च्या डिसेंबरांत, मुंबईच्या हिंदु जिमखान्याचे लोक वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. देशांत सत्याग्रह चालू असतां आणि जगांत युद्ध पेटलें असतां पंचरंगीचा उत्सव करावा कीं नाहीं, असा प्रश्न होता. गांधीजींनीं उत्सव तर नकोच म्हणून सांगितलें, पण ते त्यापुढेंहि गेले. महाविद्यालयांचे आणि संस्थांचे सामने आपण समजूं शकतों, धर्मांच्या नांवानें संघ कशाला, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. त्या वर्षीं हिंदु संघ पंचरंगींत उतरला नाहीं. या मतावर त्या काळीं पुष्कळ वाद झाला. विरोध करणाऱ्यांचें म्हणणेंहि विचारांत घेण्यासारखें होतें: मैदानावर खिलाडूपणानें वागणाऱ्यांवर दंगलींचें खापर कां फोडावें, आणि ज्या सामन्यांना लोक हजारोंनीं येतात ते मोडून ज्यांना कोणी येत नाहीं ते कां चालवावे? खरेंच, रणजीच्या सामन्यांना पंचरंगीसारखी गर्दी कधीं लोटत नसे. पण वाद चालला असतां त्याचें एक उत्तर पुण्याच्या मैदानावर प्रत्यक्ष उभें होतें. महाविद्यालयाचा एक प्राध्यापक, निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू घेऊन, प्रांताच्या नांवानें जिंकत होता.

महाविद्यालयाच्या नांवानें खेळ कोठवर जाऊं शकतो याचें उदाहरण पाहावयाचें तर अमेरिकेकडे पाहावें. १८६९ सालीं रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत फुटबॉलचा एक सामना झाला, आणि त्यांतून त्या देशांत खेळाची एक निराळीच जात निर्माण झाली. तेथें विद्यापीठाचा संघ हा साऱ्या परगण्याचा अभिमान असतो, आणि त्याला शिकविणाऱ्या वस्तादाचा पगार कुलगुरूंपेक्षांहि मोठा असूं शकतो. पुण्यांत उलट होतें. येथें वस्ताद स्वतःच प्राध्यापक. पोट भरे तें संस्कृतावर. ही गोष्ट गौरवाची खरी, पण दुबळेपणाचीहि तीच.

कारण जो संघ शिक्षणावर उभा असतो, तो माणसें घडवूं शकतो; त्यांना धरून ठेवूं शकत नाहीं. खंडू रांगणेकर १९३९-४० सालीं महाराष्ट्रातर्फें खेळले. पुढच्या वर्षीं ते मुंबईकडे होते, आणि वर ज्या ६५० धांवांचा उल्लेख केला त्यांत महाराष्ट्राविरुद्ध त्यांच्या २०२ होत्या. पंचवीस धांवांच्या फरकानें निकाल लागलेल्या सामन्यांत आपल्याच जुन्या सोबत्यानें द्विशतक ठोकावें, यावरून तो विजय किती अरुंद पुलावरून गेला हें कळेल. त्यानंतर लौकरच हजारेहि बडोद्यास गेले. तेथें महाराजांचा आश्रय होता, नोकरी होती. १९४१-४२ चा करंडक मुंबईनें नेला आणि १९४२-४३ चा बडोद्यानें. ज्या बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं त्रिशतक काढलें, त्याच बडोद्याकडून ते करंडक जिंकले. त्यांस दोष देण्याचें कांहीं कारण नाहीं. क्रिकेटवर घर चालत नव्हतें, आणि गुरूचा आशीर्वाद वाण्याच्या दुकानांत चालत नाहीं. पुण्यापाशीं देण्यासारखी विद्या होती. देण्यासारखी नोकरी नव्हती. दोन हंगामांच्या वैभवाचा आणि त्यानंतरच्या ओहोटीचा उलगडा या एका वाक्यांत होतो, असें मला वाटतें.

देवधर मात्र थांबले नाहींत. १९४४-४५ सालीं, पन्नाशी उलटलेली असतां, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं दोन शतकें काढलीं, १०५ आणि १४१. पहिल्या महायुद्धापूर्वीं सुरू झालेला त्यांचा खेळ दुसरें महायुद्ध संपल्यावर थांबला. पंचरंगी सामने १९४६ सालीं कायमचे बंद झाले. त्यांच्या शेवटच्या वर्षांतहि जन्माच्या हिशेबानें किती नुकसान होई याचें चित्र १९४३ च्या डिसेंबरांत दिसलें होतें: 'रेस्ट' संघाच्या ३८७ धांवांत हजारे यांच्या एकट्याच्या ३०९ होत्या. पुण्यांत ज्याला नवव्या क्रमांकाचा सोबती मिळाला, त्याला तेथें जवळजवळ एकट्यानें लढावें लागलें, आणि संघ हरला.

पुण्याच्या मैदानावर धांवांचें पीक पुढेंहि येतच राहिलें. १९४८ च्या डिसेंबरांत भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाडाविरुद्ध ४४३ धांवा काढल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या जागतिक उच्चांकाला नऊच धांवा कमी असतां काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारलें आणि मैदान सोडलें. संघ म्हणून मात्र ते जुने दिवस परत आले नाहींत. १९७०-७१ सालीं महाराष्ट्र अंतिम सामन्यास पोहोंचला आणि मुंबईकडून हरला. १९९२-९३ सालीं पंजाबकडून, २०१३-१४ सालीं कर्नाटकाकडून. करंडकावर महाराष्ट्राचें नांव कोरलें गेलें तें त्या दोन हिवाळ्यांतच. प्रो. देवधरांना दीर्घायुष्य लाभलें. त्यांच्या नांवाची स्पर्धा १९७३ पासून सुरू झालेली त्यांनीं पाहिली, वयाचें शतक पुरें केलें आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजीं ते निवर्तले.

आरंभीं जो पनवेलचा प्रश्न काढला त्याकडे आतां वळूं. राज्य झालें, मुंबई त्याची राजधानी झाली, तरी क्रिकेटच्या नकाशांत मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन संघ वेगळेच राहिले. पनवेलच्या मुलाला कधीं वाटत असेल कीं आपला समावेश पलीकडच्या श्रीमंत संघांत असता तर बरें झालें असतें. तें वाटणें स्वाभाविक आहे. रांगणेकर-हजारे यांनाहि पोटाचा विचार करावा लागलाच. पण ज्या नांवानें तो मुलगा खेळतो, तें नांव त्याला कोणा राजानें किंवा सरकारनें दिलेलें नाहीं. राज्य नव्हतें तेव्हां तें एका संघानें धारण केलें, आणि त्या नांवाखालीं सांगलीचा ख्रिस्ती, पारशी नगरवाला आणि पुण्याचा संस्कृत-पंडित एका डावांत खेळले. महाराष्ट्र या शब्दाचा अर्थ काय, यावर पुढें पुष्कळ लिहिलें आणि बोललें गेलें. नवव्या गड्याच्या त्या २४५ धांवांत त्याचा एक चांगला अर्थ आधींच होऊन गेला होता. तो टिकविण्यास विद्येबरोबर भाकरीचीहि सोय लागते, हा त्या दोन हंगामांचा दुसरा धडा. आणि तो पहिल्यापेक्षां कमी महत्त्वाचा नाहीं.